मासिनलोक: नाव गावाचं, खडक कुणाचा?

फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर साम्बालेस नावाचा प्रांत आहे. कोकणातल्या माणसाला तो नकाशावरही ओळखीचा वाटेल. मागे उभी डोंगररांग, पुढे पश्चिमेचा समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा. त्या वाऱ्याला तिथे ‘हाबागात’ म्हणतात. तो सुटला की उघड्या समुद्रावरची मासेमारी थंडावते आणि होड्या वर ओढल्या जातात. नोव्हेंबरच्या सुमारास वारा फिरतो, ईशान्येचा ‘आमिहान’ सुरू होतो. मागचे डोंगर तो अडवतात आणि पुढचे पाच-सहा महिने समुद्र शांत असतो. आंबाही तिथे होतो, आणि साम्बालेसचे लोक त्याबद्दल देवगडवाल्यांच्याच सुरात बोलतात.

या पट्टीवरचं मासिनलोक हे एक मासेमारी गाव. मनिलापासून रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर. एरवी त्याचं नाव कुणी ऐकलं नसतं. पण किनाऱ्यापासून १२४ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २३० किलोमीटरवर, समुद्रात एक बुडीत प्रवाळ-कडं आहे. फिलिपिन्सच्या सरकारी कागदांत त्याचं नाव ‘बाहो दे मासिनलोक’, मासिनलोकची उथळी. मुंबईपासून रत्नागिरी सरळ रेषेत जितकी दूर, जवळपास तितकंच हे अंतर. बाकीचं जग त्याला स्कारबरो शोल म्हणतं, चीन हुआंगयान बेट म्हणतो. २०१२ पासून त्याच्यावरून दोन देशांची जहाजं एकमेकांसमोर उभी आहेत.

या वादावर लिहिलेलं बहुतेक सगळं बीजिंग, मनिला आणि वॉशिंग्टन यांच्या बाजूने लिहिलेलं असतं. इथे प्रकरण गावाच्या बाजूने मांडायचं आहे. तिथून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते: गावापुढची खाडी आणि दूरचं ते कडं ही दोन वेगळी पाणी नाहीत, त्यांचा हिशोब एकाच वहीत चालतो. जवळचं पाणी आटलं तेव्हा माणसं दूर गेली, आणि दूरचं बंद झाल्यावर त्याचा भार पुन्हा जवळच्या पाण्यावर आला.

गाव

नावातल्या ‘मासिन’चा संबंध तिथल्या साम्बाल बोलीतल्या खारटपणाशी लावतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गावाला शोभते. मूळ वस्ती साम्बाल लोकांची, प्रांताचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. स्पॅनिश आले ते १५७० च्या दशकात, आणि १६०७ मध्ये रेकोलेक्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी इथे ठाणं वसवलं. प्रांताची राजधानी नंतर दक्षिणेला इबा गावी गेली. राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय, ज्यांच्या नावाचा पुरस्कार आपल्याकडे विनोबांपासून अनेकांना मिळाला, ते याच इबाचे.

मासिनलोकचं जुनं चर्च संत आंद्रेसच्या नावाचं आहे. हा संत मुळात मच्छीमार. त्याचा सण ३० नोव्हेंबरला येतो, म्हणजे हाबागात संपून समुद्र उघडण्याच्या बेताला. नारळी पौर्णिमा तिथे नाही, पण पंचांगातली जागा साधारण तीच. २००१ मध्ये या इमारतीला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. तिच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. गाव समुद्रातूनच उचलून बांधलंय म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे.

आज नगरपालिकेत १३ बारांगाय आहेत. बारांगाय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या आसपासचं, प्रशासनाचं सगळ्यात लहान एकक. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ हजारांच्या वर होती. घरात साम्बाल, इलोकानो किंवा तागालोग, बाजारात तिन्हींची सरमिसळ. उत्तरेकडून इलोकानो शेतकरी आले, दक्षिणेच्या बेटांवरून विसायन मच्छीमार आले. हे दुसरं स्थलांतर पुढे महत्त्वाचं ठरतं.

सगळेच मासे धरत नाहीत. डोंगरात कोतोची क्रोमाइटची खाण आहे. भट्ट्यांच्या अस्तराला लागणारं क्रोमाइट तिथून १९३० च्या दशकापासून निघालं, आणि एके काळी त्या प्रकारच्या जगातल्या मोठ्या साठ्यांत तिची गणना होती. किनाऱ्यावर बानी बारांगायमध्ये कोळशावर चालणारं ६०० मेगावॉटचं वीजकेंद्र १९९८ मध्ये सुरू झालं. त्याआधी चर्च आणि गावकऱ्यांनी बरीच वर्षं विरोध केला होता. गंमत अशी की १९९३ मध्ये सरकारने मासिनलोक आणि शेजारच्या ओयोन उपसागराचं साडेसात हजार हेक्टरांहून जास्त पाणी राखीव घोषित केलं, आणि त्याच दशकात त्याच्या काठाला कोळशाचं केंद्र उभं राहिलं. किनाऱ्यावर एका खात्याची फाइल दुसऱ्या खात्याला दिसत नाही, हे आपल्याला सांगायला फिलिपिन्समधून कुणी यायला नको.

जवळचं पाणी

उपसागरात सान साल्वादोर नावाचं लहान बेट आहे, भोवती प्रवाळाची कड. प्रकरणाचा पहिला अंक इथे घडला, आणि माझ्या मते अभ्यासण्यासारखा भागही हाच.

१९६० च्या दशकात बेटावरचा मच्छीमार एका खेपेत सरासरी २० किलो मासळी आणायचा. १९८८ पर्यंत ती १ ते ३ किलोंवर आली. मधल्या काळात तीन गोष्टी झाल्या. माणसं वाढली. विसायन बेटांवरून नवी कुटुंबं आली. आणि मासे धरायच्या नव्या तऱ्हा आल्या.

त्यातली पहिली सुरुंगाची. बाटलीत खताचं रसायन, वर वात. होडीतून मासळीचा थवा हेरायचा, वात पेटवायची, फेकायची. दणक्याने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. काही मासे वर तरंगतात, बरेचसे तळाशी जाऊन वाया जातात, आणि प्रवाळाचा चुरा होतो. चुऱ्यावर नवं प्रवाळ सहज धरत नाही, कारण प्रत्येक लाटेला तो हलत राहतो.

दुसरी तऱ्हा सायनाइडची, आणि तिच्यामागे वेगळाच बाजार होता. परदेशातल्या घरांत काचेच्या पेट्यांतून रंगीत मासे ठेवायची हौस वाढली, ते मासे जिवंत हवेत. पाणबुड्या तोंडात हवेची नळी धरून खाली जातो. नळीचं दुसरं टोक होडीवरच्या कॉम्प्रेसरला. हातात दाबायची प्लास्टिकची बाटली, तिच्यात सायनाइडच्या वड्या विरघळवलेलं पाणी. मासा प्रवाळाच्या फटीत शिरला की बाटली दाबायची. मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. फटीतलं प्रवाळ मरतं. आणलेल्यांतले किती मासे पेटीपर्यंत जिवंत पोचतात, हा पुढच्यांचा प्रश्न.

हे करणाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण २० किलोंचे ३ किलो झाल्यावर ज्याच्याकडे बाटली आहे तो बाटली वापरतो, आणि ती वापरली की उद्याचे ३ किलो आणखी घटतात.

बेटावरचा ठराव

१९८०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेच्या पीस कोअरचा एक स्वयंसेवक बेटावर राहायला आला. पाठोपाठ हारिबोन ही फिलिपिन्सची निसर्गसंस्था आली. (हारिबोन म्हणजे ‘हारिंग इबोन’, पक्ष्यांचा राजा, त्यांचा तो मोठा गरुड.) त्यांनी आधी प्रवाळ मोजलं: जिवंत प्रवाळ सरासरी २३ टक्के.

आकडा सांगून कुणाचं मन वळत नाही. वळलं ते एका सहलीमुळे. बेटावरच्या काही लोकांना नेग्रोस बेटाजवळच्या आपो या छोट्या बेटावर नेलं. तिथे शास्त्रज्ञ आंजेल आल्काला यांच्या मदतीने मच्छीमारांनी आपल्या कड्याचा एक तुकडा मासेमारीला बंद ठेवला होता. सान साल्वादोरच्या माणसांनी पाण्यात डोकं घालून पाहिलं, आणि तिथल्या मच्छीमारांना त्यांच्याच भाषेतले प्रश्न विचारले: बंद तुकड्याबाहेर मासा मिळतो का? मिळतो. मग घरी येऊन चर्चा सुरू झाल्या.

१९८९ मध्ये मासिनलोक नगरपालिकेने ठराव केला. बेटाच्या कडेचं १२७ हेक्टर पाणी पूर्ण बंद. उरलेल्या कड्यावर फक्त गळ, साधी जाळी अशी जुनी साधनं. सुरुंग आणि सायनाइडला मज्जाव. सीमेवर तरंगते बोये, पहाऱ्याला गावचेच लोक. या पहारेकऱ्यांना तिथे ‘बान्ताय दागात’ म्हणतात, समुद्राचे राखणदार. पगार जवळपास नाही, होडी स्वतःची, रात्र समुद्रावर.

विरोध झाला. रंगीत मासे धरणाऱ्यांचं उत्पन्न सरळ तोडलं गेलं होतं. त्यांतल्या काहींना बारीक जाळ्यांनी, विषाविना मासे धरायचं शिक्षण दिलं. काही वळले, काही चोरून जात राहिले. शेजारच्या गावांचे मच्छीमार म्हणायचे, समुद्राला कुंपण घालणारे तुम्ही कोण? प्रश्न योग्यच होता. उत्तर आलं १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यातून. त्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांच्या अखत्यारीत दिलं. त्याआधी ही हद्द ३ सागरी मैल होती. १९९८ च्या मत्स्य संहितेने हे पाणी मुख्यतः ३ टनांपर्यंतच्या होड्यांसाठी राखलं. आपल्याकडे १२ सागरी मैलांचं पाणी राज्य सरकारचं असतं, आणि पर्ससीन जाळ्यांच्या किंवा एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीच्या तक्रारी घेऊन मच्छीमार मंत्रालयाच्या पायऱ्या चढतो. तिथे निदान कागदावर तरी तो गावच्या महापौराच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. महापौर ऐकतो का, हे निवडणुकीवर. पण दार जवळ आहे.

१९९८ मध्ये पुन्हा मोजणी झाली. बेटाभोवतीचं जिवंत प्रवाळ २३ वरून सरासरी ५७ टक्क्यांवर गेलं होतं. फिलिपिन्समध्ये समुदायाने समुद्र राखण्याची उदाहरणं द्यायची झाली की आपोबरोबर सान साल्वादोरचं नाव येतं, ते यामुळे.

तरी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. १२७ हेक्टर राखून बेट सावरतं. ५४ हजारांचं गाव त्यावर जेवत नाही.

दूरचं पाणी

म्हणून मोठ्या होड्या ‘कार्बुरो’ला जात. स्कारबरोचं मच्छीमारांच्या तोंडी झालेलं हे रूप. स्कारबरो हे मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाचं नाव, ते १७४८ च्या सप्टेंबरमध्ये या कड्यावर थोडा वेळ अडकलं होतं. त्याच्या चौदा वर्षं आधी, १७३४ मध्ये, मुरिल्यो वेलार्दे या जेझुइट धर्मगुरूच्या नकाशात हीच जागा ‘पानाकोत’ म्हणून दाखवली आहे. तागालोगमध्ये त्याचा अर्थ धोका. आता मनिलाचं दुसरं अधिकृत नाव ‘पानाताग’ आहे, म्हणजे शांत. नकाशावरच्या नावांनी परिस्थितीची इतकी उलटी थट्टा क्वचितच केली असेल.

कड्याचा आकार त्रिकोणी, परीघ ४६ किलोमीटर. भरतीला वर राहतात ते काही खडक, सगळ्यात उंच पावणेदोन-दोन मीटर. आत मोठी शांत खाजणी (कड्याने वेढलेलं पाणी), तिला आग्नेयेला एकच वाट, सुमारे ४०० मीटर रुंद. मच्छीमाराला खडकाशी देणंघेणं नाही, त्याला हवी ती खाजणी. आत तांबोशी आणि हेकरू, बाहेरच्या खोल पाण्यात कुपा. आणि त्याहून मोलाचं म्हणजे वादळ आलं की आत शिरून नांगर टाकता येतो.

तिथे जाणारी होडी म्हणजे मोठी ‘बांका’. अरुंद, लांब सांगाडा, दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या. मालवणात उलांडी एका बाजूला असते, इथे दोन्हीकडे, पसरलेल्या पंखांसारख्या. होडीवर लहान होड्या रचून नेतात. तिथे पोचल्यावर एकेक खलाशी आपली होडी पाण्यात सोडतो, दिवसभर गळ टाकतो आणि संध्याकाळी मोठ्या होडीवर परततो. ताशी सात-आठ सागरी मैल धरले तरी नुसतं जायलाच सोळा-अठरा तास लागतात. म्हणून निघताना हिशोब पक्का लागतो: डिझेल जायचं आणि यायचं, तांदूळ आठवड्याचा, आणि बर्फ. बर्फ मासळीइतकाच भरावा लागतो, कारण तो वितळला की खेप संपली.

हा सगळा खर्च बहुधा व्यापाऱ्याच्या उचलीवर चालतो. मच्छीमार आणि व्यापारी एकमेकांचे ‘सुकी’ असतात. आपल्या कानाला सुकी म्हटलं की सोडे-बोंबील आठवतात, पण तिथे त्याचा अर्थ नेहमीचं गिऱ्हाईक किंवा नेहमीचा दुकानदार. सुकी उचल देतो आणि मासळी त्यालाच द्यायची असते. खेपेतून खर्च वजा होतो, मग मालकाचा वाटा, मग खलाशांचे. खेप रिकामी आली तर उचल वहीत तशीच राहते.

१० एप्रिल २०१२ ला फिलिपिन्सच्या युद्धनौकेला खाजणीत आठ चिनी मासेमारी बोटी सापडल्या. त्यांच्यावर प्रवाळ, जिवंत शार्क आणि महाकाय शिंपले होते. या शिंपल्याला तागालोगमध्ये ‘ताक्लोबो’ म्हणतात. अटक होण्याआधीच चीनची सरकारी जहाजं मधे आली. दोन महिने दोन्ही बाजू तिथे थांबल्या, जूनमध्ये फिलिपिन्सची जहाजं परतली, चीनची राहिली. कडं तेव्हापासून त्यांच्या ताब्यात आहे.

पुढच्या वर्षी फिलिपिन्सने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. १२ जुलै २०१६ ला निकाल लागला. खडक कुणाचा, हे लवादाने ठरवलं नाही. ते त्याच्या कक्षेतच नव्हतं. पण त्याने म्हटलं की तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या फिलिपिनोंना अडवणं बेकायदा आहे, आणि शिंपल्यांसाठी प्रवाळ उखडू देऊन चीनने समुद्राच्या रक्षणाचं कर्तव्य मोडलं. याच तर्काने चिनी आणि व्हिएतनामी मच्छीमारांचाही पारंपरिक हक्क तिथे उरतो, हेही निकालात आहे. मनिलातले देशभक्त हा भाग सहसा वाचून दाखवत नाहीत. चीनने निकालच मानला नाही.

त्यानंतर कधी ढील, कधी ताण. २०१६ च्या अखेरीपासून काही काळ कड्याबाहेर मासे धरू दिले, आत मज्जाव. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वाटेवर ३०० मीटरचा तरंगता अडसर लावला गेला, फिलिपिन्सच्या तटरक्षकांनी त्याचा दोर कापला. मग पाण्याचे फवारे. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या जहाजाचा पाठलाग करताना चीनचीच दोन जहाजं एकमेकांवर आदळली.

दोन्ही पाणी

कार्बुरोची वाट बंद झाल्यावर होड्यांनी काय केलं? काही कड्यापासून दूर, खोल पाण्यात थांबू लागल्या. तिथे ‘पायाव’ असतात: तळाशी नांगरलेला तराफा, खाली नारळाच्या झावळ्या, सावलीला छोटी मासळी जमते आणि तिच्या मागे कुपा येतो. पायावाजवळ मासा मिळतो, आसरा मिळत नाही. उघड्या समुद्रात मोठ्या जहाजांच्या वाटेवर रात्र काढावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कड्याच्या वायव्येला अशाच एका मासेमारी होडीला परदेशी तेलवाहू जहाजाची धडक बसून ३ जण गेले. ते मासिनलोकचे नव्हते, पण साम्बालेसमधूनच निघाले होते.

ज्यांना डिझेलचा हिशोब जमला नाही ते किनाऱ्याकडे परतले, म्हणजे त्याच १५ किलोमीटरच्या पाण्यात, जिथे लहान होड्या आधीच दाटीवाटीने होत्या. राखणदारांचं काम त्यामुळे वाढलं. पूर्वी चोर बाहेरचा असायचा, आता तो कालपर्यंत कार्बुरोला जाणारा गावचाच तांडेल असू शकतो. सरकारने अलीकडे वेगळा मार्ग धरला आहे: मत्स्य खात्याची आणि तटरक्षकांची जहाजं समुद्रातच मच्छीमारांना डिझेल देतात आणि त्यांची मासळी तिथेच विकत घेतात. यात मदत आहे आणि डावपेचही आहे. होडी जितके दिवस तिथे थांबेल तितके दिवस झेंडाही तिथे राहतो. खलाशाला याचं वाईट वाटत असेल असं नाही. त्याला डिझेल मिळतं. पण आपल्या खेपेचा सुकी आता सरकार झालंय, हे त्याला कळत असणारच.

सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने कड्याचा सुमारे साडेतीन हजार हेक्टर भाग राष्ट्रीय निसर्ग-राखीव म्हणून जाहीर केला. कागदावर पाहिलं तर सान साल्वादोरमध्ये झालं तेच: प्रवाळ वाचवायचं, पाणी बंद करायचं. आकाराने जवळपास अठ्ठावीस पट. फरक पाहायचा असेल तर ठराव कुणासमोर मांडला गेला ते पाहावं. १९८९ मध्ये तो अशा सभेत मांडला गेला जिच्यात सुरुंगवाला, बाटलीवाला आणि गळवाला शेजारी शेजारी बसू शकत होते, भांडू शकत होते, आणि ठराव मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात तोंड दाखवावं लागत होतं. २०२५ च्या ठरावावर मासिनलोकच्या कुणाचा हात वर गेला नाही, आणि ज्यांनी शिंपले उखडले त्यांना कुणी विचारल्याचंही ऐकिवात नाही. प्रवाळाला या फरकाशी देणंघेणं नसेल. राखण करणाऱ्याला असतं.

नोव्हेंबर सरता सरता गावात सान आंद्रेसचा सण होतो. हाबागातभर वर ओढून ठेवलेल्या बांकांच्या उलांड्यांचे खराब बांबू काढून नवे बांधले जातात, फटींत डांबर भरलं जातं. मग तांडेल बर्फाच्या कारखान्यात जातो. किती लाद्या घ्यायच्या, दोन दिवसांच्या की आठवड्याच्या, हे त्याला तिथे उभ्या उभ्याच ठरवावं लागतं.